भेंडीबाजार पुनर्विकास

दक्षिण मुंबईतील भेंडीबाजार या जुन्या बाजारपेठेचा समूह पुनर्विकास २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतला. दाऊदी बोहरा समाजाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या खासगी न्यासाच्या प्रकल्पात सुमारे साडेसोळा एकरांवरील २५० इमारती, ३,२०० कुटुंबे व १,२५० दुकाने येतात.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली, घरमालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि इमारती जर्जर झाल्या. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(९) या तरतुदीनुसार अशा इमारती एकत्रितपणे पाडून नव्याने बांधता येतात. येथील निवासी भाडेकरूंना किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य देण्याची योजना आहे. वाढीव बांधकामाच्या विक्रीतून खर्चाचा भार हलका होतो. मात्र त्यासाठी बहुसंख्य रहिवाशांची संमती आणि बांधकाम होईपर्यंत संक्रमण निवास आवश्यक असतो.

या प्रतीक्षेची किंमत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी प्रकट झाली. प्रकल्पातीलच हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. तेथील काही कुटुंबे आधीच स्थलांतरित झाली होती; उरलेली जुन्याच छताखाली राहत होती. पुढे पहिल्या टप्प्यातील मनोरे पूर्ण होऊन तेथे जुने रहिवासी परतले.