निसर्ग चक्रीवादळ व कोकणातील छपरे

अरबी समुद्रात उठून 3 जून 2020 रोजी दुपारी रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस, किनाऱ्यावर आलेले तीव्र चक्रीवादळ. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. उत्तर हिंदी महासागरातील वादळांसाठी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जी नवी यादी जाहीर झाली, तीतले हे पहिले नाव. मेअखेरीस कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, 2 जूनला त्याचे चक्रीवादळ झाले आणि दुसऱ्याच दिवशी ते ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानिशी किनाऱ्याला धडकले. डोळे सगळ्यांचे मुंबईकडे लागले होते. मुंबई बचावल्याचा सुस्कारा बातम्यांतून ऐकू आला, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतली वीज आणि फोन बंद पडलेले होते.

त्याआधी फयान हे वादळ 11 नोव्हेंबर 2009 रोजी याच किनाऱ्याच्या उत्तर भागात आले होते. तरी कोकणातले घर वादळाच्या हिशेबाने बांधलेले नाही, ते पावसाच्या हिशेबाने बांधलेले आहे. उतरती पाखी, भिंतीपासून लांब पुढे आलेली वळचण, उघडी पडवी ही सारी सोय जांभ्याच्या भिंती पागोळ्यांपासून कोरड्या राहाव्यात म्हणून. वादळात तीच वळचण वाऱ्याच्या हाती लागते.

वारा घर ढकलून पाडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो आधी छप्पर उचलतो. आढ्यावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे पलीकडच्या पाखीवर दाब घटतो आणि छपराला वरच्या दिशेने ओढ बसते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार फुटले, तर आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 110 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 57 किलो वजनाएवढा भरतो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ त्याहून अधिक असते.

यापुढे छपराचे वजन मांडून पाहावे. मंगलोरी कौल साधारण दोन ते तीन किलोचे, चौरस मीटरला सुमारे 15 कौले; म्हणजे 30 ते 45 किलो. ते रिपेवर नुसते अडकवलेले असते, जागेवर राहते ते स्वतःच्या वजनाने. पातळ लोखंडी पत्रा मात्र चौरस मीटरला जेमतेम पाच किलोचा. त्याची सारी भिस्त हुकांवर आणि स्क्रूंवर; खारट हवेने ते गंजलेले असले तर भिस्त कसलीच नाही. कौलांच्या फटींतून हवा सुटते, म्हणून वादळात कौले उडतात, फुटतात, पण वासे आणि आढे बहुधा जागेवर राहतात. पत्रा हवा सोडत नाही. तो जाताना पुष्कळदा खालचा सांगाडाही घेऊन जातो आणि दुसऱ्याच्या घरावर पडतो. स्लॅबची गळती थांबवावी म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याची पद्धत कोकणात अलीकडे सर्रास आहे. वादळाच्या दृष्टीने सुरक्षित असलेल्या घराच्या डोक्यावर असुरक्षित भाग चढवण्याचा हा प्रकार म्हटला पाहिजे.

जुन्या पद्धतीचे चौपाखी छप्पर या बाबतीत उजवे ठरते. त्याला चारही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे वारा अडवणारी उंच त्रिकोणी भिंत उरत नाही. दुपाखी घरात ती भिंत कोसळली की आढ्याचा आधार जातो.

निसर्ग वादळात घरांचे बरेचसे नुकसान वाऱ्यापेक्षा झाडांनी केले. वाड्यांमधले नारळ, सुपारी, आंबा, फणस घरांवर कोसळले. घराला सावली देणारे झाड तोडा असे कोकणी माणसाला सांगणे अवघड, आणि ते योग्यही नाही. वाळलेले आणि छपरावर आलेले फाटे मेमध्ये उतरवणे एवढे मात्र शक्य असते.

वादळाची वेळही वाईट होती. टाळेबंदी चालू होती, पाऊस दारात होता. ज्यांचे छप्पर गेले, त्यांचे धान्य, कपडे, अंथरुणे, मुलांची पुस्तके पुढच्या सरींत भिजली. पूर्ण पडलेल्या घरासाठीची 95,100 रुपयांची मदत राज्य शासनाने वाढवून दीड लाख केली. पंचनाम्यात मात्र भिंती उभ्या असलेले घर ‘अंशतः’ या सदरात जाते. जूनच्या कोकणात बिनछपराच्या घराला अंशतः घर म्हणणे हा कागदावरचाच हिशेब आहे.

भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर, धरला आहे. बैठ्या घरांची वादळात टिकण्याची ताकद वाढवण्याविषयी 15498 क्रमांकाचे स्वतंत्र मानक 2004 पासून उपलब्ध आहे. त्याचे सूत्र साधे: छप्पर भिंतीला, भिंत पायाला बांधलेली असावी, मध्ये कोणताही सांधा नुसत्या वजनावर टेकलेला नसावा. कौलारू घरात याची सुरुवात वळचणीपासून आणि आढ्यापासून करावी. तिथल्या ओळींतली कौले न गंजणाऱ्या तारेने रिपेला आणि वासे पट्टीने भिंतीला जखडावेत. दरवर्षी मेमध्ये शाकारणीसाठी माणूस छपरावर चढतोच. हे काम त्याच वेळी करून घ्यावे.