सेकंडहँड, पण नव्याहून महाग

फेरारी २५० जीटीओ ही स्पोर्ट्‌स कार १९६२ ते १९६४ या काळात जेमतेम ३६ बनली. आज ती अब्जावधी रुपयांना विकली जाते. पुण्यात आकुर्डीच्या बजाज चेतकलाही एके काळी टंचाईनेच भाव आणला. ही टंचाई मात्र सरकारी परवान्याची होती. १९७२ साली आलेल्या या स्कूटरसाठी गिऱ्हाईक नाव नोंदवून प्रसंगी दहा वर्षे थांबे. साहजिकच वापरलेली चेतक नवीपेक्षा महाग विके; वरचे पैसे वाचलेल्या वर्षांचे असत. (हुंड्याच्या यादीतही स्कूटर असे, हे विसरायला नको.) १९९१ नंतर परवाने गेले, रांग ओसरली, जुन्या गाडीचा तो चढा भावही गेला. २०२० साली चेतक परतली ती विजेवर. जुनीचे शौकीन मात्र अजून किक मारण्याआधी बाजूला कलवावी लागणारीच शोधतात.