अकरा मिनिटे आणि एकोणीस वर्षे

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट झाले. लक्ष्य होते पहिल्या वर्गाचे डबे. १८० हून अधिक माणसे गेली, आठशेवर जखमी झाली. सहा स्फोट मुंबईच्या हद्दीतले. सातवा दहिसर ओलांडल्यावर, ठाणे जिल्ह्यात, मीरा रोडला. मुंबईत घर न परवडल्याने खाडीकाठच्या या गावांत राहायला आलेला नोकरदार रोज याच गाड्यांनी परततो.

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ बळी गेले. त्यासाठी रायगडच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवले गेले. ते काम तस्करांच्या टोळीचे. तेव्हा शेअर बाजार आणि एअर इंडियाची इमारत ही संपत्तीची प्रतीके निवडली गेली (प्लाझा चित्रपटगृहही होते, हे विसरू नये). २००६ मध्ये प्रतीक उरले नाही, वेळापत्रक उरले. ही पद्धत इथली नव्हे: मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आणि जुलै २००५ मध्ये लंडनच्या गाड्यांत तेच घडले होते. २००८ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांना तर सीमेपलीकडून फोनवर सूचना मिळत होत्या आणि जग ते दूरचित्रवाणीवर पाहत होते.

राजकीय पडसाद मात्र विचित्र होते. २००६ च्या स्फोटांनंतर पाकिस्तानशी ठरलेली सचिवस्तरीय चर्चा लांबली. पण सप्टेंबरातच हवानात मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांनी दहशतवादाविरुद्ध संयुक्त यंत्रणा मान्य केली. २००८ नंतर असे काही शक्यच नव्हते. केंद्रीय गृहमंत्री आणि मुख्यमंत्री पायउतार झाले, डिसेंबरात राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आला.

कायद्याची वाट अधिक बोलकी आहे. १९९३ चा खटला ‘टाडा’खाली चालला. ‘पोटा’ २००४ मध्ये रद्द झाल्याने २००६ चा खटला ‘मोक्का’खाली, म्हणजे टोळीयुद्धासाठी केलेल्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली चालवला गेला. त्यात पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा ठरतो. माझ्या मते या खटल्याचे सामर्थ्य आणि दुबळेपण दोन्ही तिथेच होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब नाकारून बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांत स्थगिती मिळाली, पण तिचा अर्थ मर्यादित आहे: हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागलेले नाही.