पाळणा आणि लेखणी

मँचेस्टर येथील एका युनिटेरियन धर्मोपदेशकाच्या पत्नी एलिझाबेथ गॅस्केल ह्यांचा तान्हा मुलगा १८४५ सालीं लोहितांग ज्वरानें दगावला. दुःखाचा भार हलका व्हावा म्हणून पतींनीं त्यांना कादंबरी लिहिण्याचें सुचविलें. ‘मेरी बार्टन’ १८४८ सालीं निनांवी प्रसिद्ध झाली, तेव्हां घरांत चार मुली होत्या. धाकटी अवघी दोन वर्षांची होती. कादंबरींतील गिरणीकामगाराच्या मुलालाही तोच ज्वर येतो. तो ओसरतो, पण बापाला काम नसल्यामुळें पोषक अन्न मिळत नाहीं, आणि मूल जातें.

पुढें प्लिमथ ग्रोव्ह येथील घरीं बाई जेवणघरांतील मेजावर लिहीत. मुली, नोकर, पाहुणे ह्यांची ये-जा भोंवतीं चालूच असे.

१८६२ सालीं लेखिका होऊं पाहणाऱ्या एका तरुण मातेला मात्र त्यांनीं पत्रानें कळविलें कीं, मुलें लहान आहेत तोंवर घर आधीं पाहावें. चाळिशींत लिहिलेली कादंबरी संसाराच्या अनुभवानें कितीतरी सरस उतरेल. अनुभवाविषयींचें हें म्हणणें खरेंच. परंतु स्वतः बाईंनीं मुली मोठ्या होईपर्यंत लेखणी बाजूस ठेवली नव्हती. १८६५ सालीं त्या निवर्तल्या. ‘मेरी बार्टन’नंतर त्यांच्या वांट्यास सतराच वर्षें आलीं.