निगेटिव्ह नसलेल्या फोटोवर विश्वास कसा ठेवायचा?

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायूची गळती झाली. त्यानंतर रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी एकाच अनोळखी बाळाच्या दफनविधीचे फोटो काढले. राय यांचा फोटो कृष्णधवल, तर बार्थोलोम्यू यांचा रंगीत. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने बार्थोलोम्यू यांच्या फोटोला वर्षातील सर्वोत्तम फोटोचा मान दिला. दोन्ही फोटो रोलवर टिपलेले होते. आज असा फोटो मोबाइलवर आला, तर अनेकांचा पहिला प्रश्न असतो: हा खरा आहे का?

रोलमध्ये पुरावा कसा राहतो?

फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडला की त्यात बदल होतो आणि रोल धुतल्यावर चित्र उमटते. ३५ मिमीच्या नेहमीच्या रोलवर ३६ फोटो येतात आणि कडेला क्रमांक छापलेले असतात. त्यामुळे एका फोटोच्या आधी आणि नंतर काय टिपले, हे त्याच पट्टीवर दिसते. फोटोच्या प्रिंटमध्ये फेरफार करता येतो; स्टॅलिनच्या शेजारून निकोलाय येझोव्हला असेच पुसून टाकले होते. पण मूळ निगेटिव्ह हाती असेल, तर प्रिंट तिच्याशी ताडून पाहता येते.

डिजिटलमध्ये काय बदलले?

कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला. पुढे बातमीचा फोटो काही मिनिटांत कार्यालयात पोहोचू लागला. मात्र फाइलमध्ये बदल करणेही सोपे झाले. २०१५ च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत मूळ फाइल तपासल्यावर अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यातील सुमारे २० टक्के फोटो बाद झाले.

मग फिल्म म्हणजे सत्य का?

नाही. त्याच वर्षी जोव्हानी ट्रॉयलो यांचा पुरस्कार काढून घेण्यात आला. बेल्जियममधील शार्लरुआ शहरावरच्या त्यांच्या मालिकेतला एक फोटो प्रत्यक्षात ब्रसेल्स परिसरातला निघाला. अशी चूक निगेटिव्ह पाहूनही सहज कळत नाही. फोटोओळ, ठिकाण आणि तारीख वेगळी तपासावीच लागते.

आता उपाय काय?

लायकाने २०२३ मध्ये आणलेला एम११-पी हा कॅमेरा फोटो टिपतानाच फाइलवर डिजिटल सही करतो. नंतर कोणी बदल केला, तर तो तपासात समजू शकतो. अडचण अशी की समाजमाध्यमांवर टाकताना किंवा स्क्रीनशॉट काढताना ही माहिती अनेकदा गळून पडते.

म्हणून फोटो पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: छायाचित्रकाराचे किंवा संस्थेचे नाव, ठिकाण आणि तारीख. त्या नसतील, तर इमेज सर्चने तो फोटो याआधी कुठे आला होता ते शोधावे. जुन्या दंगलीचा किंवा पुराचा खराखुरा फोटोही आजचा म्हणून फिरला, तर अफवाच पसरते.