डिकीवरची दोन अक्षरं

परवा आमच्या शेजारच्या डॉक्टरांचा नातू आर.सी. बुक घेऊन घरी आला. "गुरुजी, आजोबांच्या गाडीचं इंजिन जाम झालंय. दुसरं, जरा ताकदीचं बसवावं म्हणतो. पण बाबा म्हणतात, मग ती आजोबांची गाडी कशी राहील?"

डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी म्हणजे प्रीमियर 118 एन.ई. मला मेकॅनिकचं काही कळत नाही, पण जन्मभर इतिहास शिकवला. त्याला विचारलं, "तिच्या डिकीवरची अक्षरं कधी वाचलीस?"

एन.ई. म्हणजे निस्सान इंजिन! वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर कंपनी. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी 1985 साली बाहेर पडली. अंग इटलीच्या फियाट 124 चं, म्हणजे 1966 चं मॉडेल. इंजिन मात्र जपानचं, 1171 सी.सी. आणि ताकद सुमारे 52 अश्वशक्ती. तेव्हाच्या पद्मिनीचं इंजिन 1089 सी.सी.चं, चाळिसेक अश्वशक्तीचं. म्हणजे बाबा ज्याला 'मूळ' म्हणतात, ते इंजिनही परक्या गाडीचंच.

तेव्हा हे नवल नव्हतं. नवी गाडी मुळापासून घडवायची तर लागणारा पैसा आणि परवाने, दोन्ही दुर्मीळ. मग परदेशात जुनी झालेली गाडी आणायची नि तिच्यात इंजिन बसवायचं. बंगालमध्ये हिंदुस्थान मोटर्सने काँटेसाला आधी अँबेसेडरचं 1489 सी.सी.चं इंजिन दिलं. एवढं जड धूड त्याला ओढवेना. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं बसवलं, तेव्हा कुठे गाडीत जीव आला. लोक याला जुगाड म्हणून हसतात. मला ते पटत नाही. इंजिनाचे माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर हे सगळं एकमेकांशी जुळवणं हे शहाण्या हातांचं काम आहे.

नातवाची अडचण वेगळी. या गाडीची मागची चाकं फिरतात, इंजिन उभं बसतं. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं, पुढच्या चाकांसाठी. ते इथे सरळ बसायचं नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली सांगितलं. आर.टी.ओ.ला न विचारता इंजिन बदललं आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करणार. तेव्हा शोधायचंच तर तसलंच निस्सान शोध, आणि आधी अर्ज कर, असं सांगितलं.

एवढं शहाणपण सांगितलं खरं. पण 1991 च्या पावसाळ्यात माझ्या आईला डॉक्टरांनी याच गाडीतून रातोरात कुंभार्ली घाटाने कराडला नेलं होतं. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं. मी मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि कान सगळा त्या इंजिनाच्या आवाजाकडे. ते कुठेही अडखळलं नाही. त्यानंतर आई अकरा वर्षं जगली.

नातू निघाला तेव्हा मी म्हटलं, "जुनं इंजिन भंगारात देऊ नकोस हो. आमच्या पडवीत जागा आहे."