ग्रंथकार, आश्रयदाता आणि ग्राहक
(हैदराबादशी निगडित तीन ग्रंथोद्योगांचा विचार)

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आम्ही ग्रंथाच्या गुणदोषांची चर्चा विपुल करतो. ग्रंथकाराचे कुल, शिक्षण, गुरुपरंपरा यांचीही चौकशी करतो. परंतु तो ग्रंथ वाचकाच्या हाती पोचला कसा, त्याच्या कागदाचे व छपाईचे पैसे कोणी दिले आणि तो खपावा म्हणून कोणी पायपीट केली, हे प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही. जणू विद्वत्तेचा आणि विक्रीचा संबंध जोडणे हेच अप्रशस्त! ग्रंथकाराने लिहावे आणि स्वस्थ बसावे. ग्रंथ चांगला असेल तर त्याचा सुगंध आपोआप दरवळेल, अशी आमची समजूत. ही समजूत किती भाबडी आहे, हे पाहण्यास हैदराबादसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ज्ञान देशी भाषेत आणण्याचे तीन मोठे उद्योग झाले, त्यांतले दोन याच शहरात उभे राहिले आणि तिसऱ्याचा कर्ता येथेच मराठी सारस्वतांचा अध्यक्ष म्हणून बसला. तिघांचे हेतू जवळजवळ एक. मात्र तिघांच्या द्रव्यबळाचे उगम निराळे, म्हणून तिघांची भवितव्येही निराळी.

पहिला उद्योग तेलुगूतला. पण त्याचे मराठीशी नाते निकटचे आहे. कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव (१८७७–१९२३) यांचे शिक्षण नागपुरास झाले. थोरली बहीण भंडारू अच्चमांबा ही तेलुगू कथेच्या आद्य लेखिकांपैकी एक. तिच्या घरी मध्यप्रांतात राहून ते शिकले. मराठी त्यांना इतकी अवगत होती, की त्यांनी मराठीतून लेखनही केले. मराठीतील इतिहाससंशोधनाची चळवळ त्यांनी जवळून पाहिली आणि तेलुगूत असे काही का नसावे, या तळमळीने ते कामास लागले. १९०१ साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९०६ साली याच शहरात त्यांनी विज्ञान चंद्रिका मंडळी स्थापन केली. इतिहास, चरित्र आणि शास्त्रीय विषय यांवरील पुस्तके क्रमाने काढावयाची आणि ती कायम वर्गणीदारांच्या हाती द्यावयाची, अशी ही ग्रंथमाला होती. मुनगालाच्या जमीनदारांचे ते दिवाण. त्या घराण्याचा पाठिंबा आणि वर्गणीदारांचा हातभार, अशा दोन आधारांवर हे कार्य उभे होते. पुढे मंडळी मद्रासेस गेली. तेथेच लक्ष्मणरावांनी 'आंध्र विज्ञान सर्वस्वमु' हा तेलुगू ज्ञानकोश हाती घेतला. त्याचे तीन खंड निघाले. परंतु वर्णमालेच्या पहिल्याच अक्षरापलीकडे काम जाण्यापूर्वी १९२३ साली ते निवर्तले. पुरस्कर्त्यांचे औदार्य खरे, कर्त्याची विद्वत्ता निर्विवाद. तरीही एका मनुष्याच्या आयुष्याबरोबर कोश थांबला.

दुसरा उद्योग राजाश्रयाचा. उस्मानिया विद्यापीठात सर्व उच्च शिक्षण उर्दूतून द्यावयाचे ठरले, तेव्हा पाठ्यग्रंथ आणावयाचे कोठून, हा प्रश्न उपस्थित झाला. त्यासाठी १९१७ साली निजाम सरकारने 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतरखाते स्थापन केले. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. तेव्हा औरंगाबादेत असलेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचेही ते चालक होते. म्हणजे मराठी मुलखाच्या मध्यावर बसून हे गृहस्थ उर्दूचा संसार सजवीत होते. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आमच्या मनात आदरच आहे. भाषांतरकारांस दरमहा वेतन, पारिभाषिक संज्ञा ठरविण्यास विद्वानांच्या समित्या, छपाईस सरकारी खजिना आणि वाचक म्हणून विद्यापीठाचे विद्यार्थी आयतेच! शेकडो ग्रंथ निघाले. यातील एकाही भाषांतरकारास 'माझे पुस्तक घ्या हो' म्हणून कोणाच्या दारी जावे लागले नाही.

याच राज्यात मराठीभाषी प्रजा सुमारे एक चतुर्थांश होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद असे पाच जिल्हे तिचे. पण तिच्या भाषेला खजिन्याचा आधार नव्हता. शाळा चालवावयाची ती लोकांनी, वाचनालय उघडावयाचे ते लोकांनी. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी लोकांच्या बळावरच संस्था उभ्या केल्या. सभासंमेलनांस सरकारी परवानगीचा अडसर होता तो वेगळाच.

आता तिसरा उद्योग. दारुल तर्जुमाच्या स्थापनेच्या आदल्याच वर्षी, १९१६ साली, नागपुरास एक विलक्षण कंपनी जन्मास आली. तिला गिरणी काढावयाची नव्हती की पेढी चालवावयाची नव्हती; तिला ज्ञानकोश काढावयाचा होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे तिचे कर्तेधर्ते. १८८४ साली रायपुरास जन्मलेला हा तरुण १९०६ साली अमेरिकेस गेला, कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली डॉक्टर झाला आणि परत आल्यावर त्याने पाहिले, की मराठीत ज्ञानकोश हवा असे म्हणणारे पुष्कळ; पण त्याचा खर्च सोसणारा कोणी नाही. विद्यापीठ मराठीस जवळ करीत नव्हते. सरकारास त्याचे सोयरसुतक नव्हते. एखाद्या संस्थानिकाच्या दारात उभे राहावे, तर त्याच्या मर्जीबरोबर कोशाचेही दैव फिरणार. तेव्हा केतकरांनी चौथा मार्ग धरला : ज्याला ग्रंथ वाचावयाचा आहे, त्यानेच तो उभा करावा. मर्यादित जबाबदारीची कंपनी, तिचे भाग लोकांनी घ्यावे, ग्राहकांनी आगाऊ वर्गणी भरावी आणि त्या पैशावर खंड छापून निघावेत, अशी ती योजना होती.

ही कल्पना जगात अगदीच अपूर्व होती असे नाही. फ्रान्समध्ये दिदरोचा ज्ञानकोश १७५१ पासून निघू लागला, तो आगाऊ वर्गणीदारांच्याच भरवशावर. १८९८ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्राने ब्रिटानिका विश्वकोश हप्तेबंदीने विकण्याचा सपाटा लावला. परंतु तेथे पुस्तके घेणारा मध्यमवर्ग आधीच तयार होता. केतकरांस ग्रंथ निर्माण करावयाचा होता आणि त्याबरोबर त्याचा ग्राहकही. म्हणून संपादकाने कचेरीत बसून भागण्यासारखे नव्हते. गावोगाव जाणे, व्याख्याने देणे, वकील, मास्तर, सावकार यांच्या बैठकीत कोशाची आवश्यकता पटवून देणे आणि वर्गणी घेऊन पुढच्या गावी निघणे, हे कामही त्यांनी संपादनाइतकेच आपले मानले. आपल्याच ग्रंथाची थोरवी आपल्याच तोंडाने सांगणे हे सभ्यतेस धरून नाही, असे मानणारे तेव्हाही होते. परंतु केतकरांच्या ठायी संकोच नव्हता. कारण ते स्वतःस विकीत नव्हते, मराठीत ज्ञान असू शकते ही गोष्ट विकीत होते.

१९२० साली पहिला खंड बाहेर पडला. प्रथम पाच प्रस्तावनाखंड : 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. त्यांमागून अकारविल्हे खंड आणि शेवटी सूची धरून एकूण तेवीस खंड त्या दशकाच्या आतच पुरे झाले. आश्रयदात्यास दोन वर्षांचा विलंब खपतो. आगाऊ पैसे भरलेला ग्राहक मात्र पुढचा खंड कधी, म्हणून पत्र टाकतो. हा तगादा संपादकास त्रासदायक खरा, पण कोश तडीस जाण्यास तो उपकारक ठरला असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. केतकरांनी या साऱ्या व्यवहाराची हकीकत 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली. ग्रंथकाराने ग्रंथव्यवहाराचे असे निवेदन लोकांपुढे मांडावे, हाही त्या प्रचाराचाच एक प्रामाणिक भाग होय.

१९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले आणि अध्यक्षस्थान डॉ. केतकरांस मिळाले. या निवडीतील औचित्य आज आम्हांस अधिक जाणवते. ज्या शहरात दुसऱ्या एका भाषेसाठी सरकारी भाषांतरखाते डौलाने चालले होते, तेथे लोकांच्या वर्गणीतून तेवीस खंड पुरे करणारा मराठी कोशकार सन्मानाने बसला. राजाश्रयाविना भाषा जगते की नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यास भाषणाचीही गरज नव्हती. त्याची उपस्थिती पुरेशी होती.

या मार्गाचे अनुयायीही निघाले. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत पुरा केला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन हे तीन चरित्रकोश अनुक्रमे १९३२, १९३७ आणि १९४६ साली निघाले. एका कोशाने मिळविलेला ग्राहक दुसऱ्या कोशास उपयोगी पडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. नाहीतर हा लेख इतिहास न राहता जाहिरात होईल. केतकरांचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले. समाजशास्त्रावरील मोठे सिद्धांतग्रंथ लिहिण्याची ज्याची योग्यता, त्याची ऐन उमेदीची वर्षे वर्गणी, हिशेब आणि तगादे यांत खर्ची पडली. कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, 'प्राचीन महाराष्ट्र' लिहिला. परंतु मधुमेहाने पोखरलेले शरीर १९३७ साली, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी पडले. ग्रंथकारास स्वतःच हमाल आणि स्वतःच दलाल व्हावे लागते, तेव्हा ग्रंथ जगतो; ग्रंथकार झिजतो. समाजाने ही गोष्ट कौतुकाने न पाहता थोड्या लाजेने पाहावी, असे आम्हांस वाटते.

आणि तरीही निवाडा कोणाच्या बाजूने द्यावा? १९४८ साली निजामाची सत्ता गेली, त्यानंतर उस्मानिया विद्यापीठाचे उर्दू माध्यम गेले आणि दारुल तर्जुमाच्या ग्रंथांचे विद्यार्थी-वाचकही त्याबरोबर गेले. तो दोष त्या विद्वानांचा नव्हे. आज्ञेने मिळालेला वाचक आज्ञेबरोबर जातो, एवढाच त्याचा अर्थ. उलट केतकरांनी एकेक करून मिळविलेला ग्राहक कोणाच्या हुकमाने आला नव्हता, म्हणून हुकमाने गेलाही नाही. पुढे १९६० नंतर महाराष्ट्र सरकारने मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले, ते योग्यच झाले; पण सरकारास असे करावेसे वाटावे इतकी कोशाची आवड समाजात रुजविण्याचे काम त्याआधी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन हिंडलेल्या माणसांनी केले होते.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही हैदराबादचे मराठी लोक भाषेच्या सीमेपलीकडे राहिलो. येथे मोठा मराठी प्रकाशक नाही आणि मराठी पुस्तकांची बाजारपेठही बेताचीच. येथला मराठी लेखक आजही स्वखर्चाने पुस्तक छापतो, पिशवीत प्रती घालून कार्यक्रमास येतो आणि विषय काढताना किंचित ओशाळतो. त्याने ओशाळू नये. तो ज्या वाटेने चालला आहे, त्या वाटेने या शहरात एकदा संमेलनाध्यक्ष आले होते. आम्ही वाचकांनी मात्र एवढे करावे : प्रत फुकट मागू नये.